पॅशनची गोष्ट सांगा, पण खातेवहीसकट सांगा

सध्या कॉलेजच्या गॅदरिंगला जा, बचतगटाच्या मेळाव्याला जा नाहीतर कुणाच्या लग्नात जेवायला बसा, एक वाक्य कानावर पडतंच, "नोकरीत काय ठेवलंय, जे आवडतं त्याचाच धंदा करायचा." आणि मग लगेच उदाहरणं सुरू. अमक्याला दिवाळीत बसचं तिकीट मिळालं नाही म्हणून त्याने कंपनीच काढली, बायकांनी गच्चीवर पापड लाटले आणि कोट्यवधींची उलाढाल झाली, कुणाची द्राक्षं परत आली आणि आज तो युरोपला कंटेनरवर कंटेनर पाठवतो. ऐकायला भारी वाटतं आणि गोष्टी खोट्याही नाहीत. माझी तक्रार एवढीच की ह्या गोष्टी सांगताना मधली दोन-चार पानं कुणीतरी फाडून ठेवलेली असतात, आणि ज्याला खरंच उद्या दुकान उघडायचंय त्याच्या कामाची नेमकी तीच पानं असतात.

मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब बघतो. जीएसटीची रिटर्न, टीडीएस, बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट, सीसी लिमिटचं, म्हणजे बँक धंद्याला खेळत्या पैशासाठी जी उचल देते तिच्या मर्यादेचं रिन्यूअल, असलं सगळं. त्यामुळे कुणी धंद्याची गोष्ट सांगायला लागलं की माझ्या डोक्यात आपोआप वेगळेच प्रश्न येतात. पहिली दोन वर्षं घरात किराणा कुठल्या पैशातून आला? माल पडून होता तेव्हा ज्यांचे पैसे द्यायचे होते ते गप्प का बसले? जागा कुणाची होती? पहिला मोठा गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीने मिळाला? कुणी ह्याला खवचटपणा म्हणेल तर म्हणो, पण हे विचारलं नाही तर गोष्ट ऐकून फक्त छाती फुगते, अक्कल येत नाही.

आता लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच घ्या. मराठी माणूस आणि उद्योग म्हटलं की पहिलं नाव तेच निघतं आणि निघायलाच पाहिजे. पण गंमत बघा, हा माणूस आवडीच्या मागे गेला असता तर किर्लोस्करवाडी झालीच नसती, कारण त्यांची आवड होती चित्रकला. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रं शिकायला गेले आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत, झालं, रंगकाम संपलं. मग मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, त्यावर व्हिक्टोरिया ज्युबिलीत, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायची नोकरी लागली, तिथे यंत्रांशी खरी ओळख झाली. पुढे प्रमोशनची वेळ आली तेव्हा ते ह्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिलं गेलं म्हणून नोकरीला रामराम ठोकला. म्हणजे आवड सुटली, हातात काम राहिलं, आणि नोकरीतल्या अपमानाने ढकलून दिलं. आज एखाद्या मोटिव्हेशनल स्पीकरला ही गोष्ट दिली तर तो ह्यातून "स्वप्नाचा पाठलाग" कसा काढेल मला खरंच बघायचंय.

पुढचं अजून महत्त्वाचं. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो ती बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून. मुंबईत नोकरी चालू असताना सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायच्या, भाऊ तिथे विकणार, आणि वर लोकांना सायकल चालवायला शिकवायचं पण काम होतं. नंतर लक्ष्मणराव स्वतः बेळगावला आले, कडबा कापायचं यंत्र बनवलं, लोखंडी नांगर बनवला. आणि नांगर कुणी घेईना! लोखंडाने जमिनीत विष पसरतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! आज एखाद्या पोराने दोन वर्षं एकही नग न विकता वर्कशॉप चालू ठेवलं तर बँकेचा माणूस सहाव्या महिन्यातच दारात उभा राहील, सासरा तिसऱ्याच महिन्यात.

आपण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो पण मला ते पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा, रोख पैसा लागायचाच नाही. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर तो कुणाकडे न्यायचा, पेरणी तोंडावर आलेली असताना पैसे कुठून आणायचे? विषाची भीती होतीच, पण जो माणूस वर्षातून एकदाच कमावतो तो नव्या वस्तूवर पैसा लावताना शंभर वेळा विचार करणारच, त्यात गैर काय. हे समजून घ्यायला, नांगर सुधारायला, लोकांचा विश्वास बसायला जो वेळ लागला तो वेळ कुणीतरी पोसला ना, तो सायकलच्या धंद्याने पोसला आणि भावाने पोसला.

मग बेळगावच्या नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि कारखाना उठवायची वेळ आली. इथे बऱ्याच जणांची गोष्ट संपते बरं का, माझ्या ओळखीतच दोन वर्कशॉप अशी रस्ता रुंदीकरणात गेली ती परत उभी राहिली नाहीत. लक्ष्मणरावांच्या मदतीला धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज. १९१० साली. जमीन म्हणजे काय तर माळरान, निवडुंग आणि साप. पण स्टेशनला लागून होती, म्हणजे कच्चं लोखंड उतरवायला आणि नांगर चढवायला रेल्वे दारात. त्या माळावर किर्लोस्करवाडी हे गाव वसलं हे कौतुकाचं आहेच, जिद्द होतीच, कोण नाही म्हणतंय. पण ज्याला आपण आज "इकोसिस्टीम" की काय म्हणतो ते सगळं त्या एका राजाने दिलं होतं. जागा, भांडवल आणि थांबायची तयारी. पैकी तिसरी गोष्ट सगळ्यात महाग असते आणि ती कुठल्याच सरकारी योजनेच्या फॉर्ममध्ये लिहिलेली नसते.

दुसरी गोष्ट लिज्जत पापडची. १५ मार्च १९५९, गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायका, ८० रुपये उधार, पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आता फाडलेलं पान. ह्या बायकांनी शून्यातून काही काढलं नव्हतं, एक तोट्यात गेलेला पापडाचा धंदा त्यांनी घेतला होता, त्यातलं सामान घेतलं आणि सुरुवात केली. म्हणजे त्यांच्या आधी कुणीतरी तोच पापड विकायला बघून हात पोळून घेतले होते. त्याला पापड आवडत नव्हते म्हणून तो बुडाला का? आणि ८० रुपये ज्यांनी दिले ते छगनलाल पारेख, सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणायचे, ते फक्त पैसे देऊन बाजूला झाले नाहीत. आधी बायका दोन प्रतीचे पापड करणार होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला, त्यांनी सांगितलं एकच प्रत ठेवा आणि ती कधी खाली आणू नका. दुसरं सांगितलं हिशोब नीट लिहा, हा धंदा आहे, धंद्यासारखाच चालवा. आणि बायकांनी स्वतःच ठरवलं होतं की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात काय झालं ते मला फार आवडतं. पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं, एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, बस्स, पावसाळ्यात पण काम चालू. ही आयडिया कुठल्या एमबीएच्या वर्गात सुचणार नाही, ती जिने घरात ओले कपडे, दमट मसाले, बुरशी आलेलं लोणचं सांभाळलंय तिलाच सुचणार. माझ्या मते अनुभवाची खरी किंमत इथे कळते. पहिल्या वर्षाची विक्री ६ हजार १९६ रुपये होती. म्हणजे महिन्याला सरासरी पाचशे रुपयांच्या आसपास, सात बायकांत मिळून, आणि त्यातून मालाचा खर्च. ह्या आकड्यावर आज कुणी व्हिडिओ बनवेल का? आणि तरी तो धंदा टिकला कारण कुणाचंच घर फक्त त्या पैशावर अवलंबून नव्हतं, जागेचं मोठं भाडं नव्हतं, लाटायला येणारा हात आणि घरची पोळपाट-लाटणी हेच भांडवल. पीठ केंद्रावर मळलं जातं, बहिणी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात, दुसऱ्या दिवशी परत आणतात आणि लाटणावळ घेऊन जातात. इतकं साधं. पण ह्या साध्या रचनेत एक मोठी गोष्ट दडलीय ती म्हणजे लाटणाऱ्या बाईचा पैसा अडकत नाही. जसवंतीबेन पोपट ह्या पहिल्या सात जणींपैकी एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे "पॅशन"च्या हेडलाइन आल्या. अहो पापड लाटायची पॅशन कुणाला असते? त्यांना संसाराला चार पैसे हवे होते आणि हे काम येत होतं. ह्यात कमीपणा कसला?

इथे मला एक फरक करायचाय जो हे प्रेरणावाले करत नाहीत. अनुभव दोन तऱ्हेचा असतो. एक गिऱ्हाईक म्हणून झालेला त्रास आणि दुसरा ते काम स्वतः करून आलेली जाण. पहिल्याची गोष्ट रंगते भारी, धंदा मात्र दुसऱ्यावर उभा राहतो.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसचं बघा. फणींद्र सामा, बंगळुरूमध्ये इंजिनीअर, २००५ च्या दिवाळीत घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. बरं मग? त्या दिवाळीत तिकीट न मिळालेली हजारो माणसं होती, पुण्यात तर दर दिवाळीला स्वारगेटला आणि संगमवाडीला अशी जत्राच भरते. त्रास हा सगळ्यांना सारखाच होतो. ह्या माणसाने आणि त्याच्या मित्रांनी वेगळं केलं ते असं की ते एजंटांकडे आणि बसमालकांकडे जाऊन बसले, सीट कशा वाटल्या जातात, एकाच बसचा कोटा किती एजंटांकडे फुटलेला असतो, फोनवर वहीत कशी फुली मारतात हे समजून घेतलं. त्यांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर बनवलं तर मालकांनी विचारलं पण नाही, मग आम्हाला थोड्या सीट द्या, आम्ही विकून दाखवतो, असं करत २००६ मध्ये साइट सुरू केली. मधे टाय नावाच्या उद्योजकांच्या संस्थेतले जुनेजाणते लोक मार्गदर्शनाला मिळाले. २०१३ मध्ये कंपनी इबिबो नावाच्या मोठ्या ऑनलाइन कंपनीने विकत घेतली. ह्या अख्ख्या गोष्टीत दिवाळीची ती रात्र फार तर पहिलं पान आहे आणि आपण तेच पान फ्रेम करून लावलंय.

उलट अशोक खाडे. सांगली जिल्ह्यातल्या पेडचे, घरची परिस्थिती बेताचीच म्हणणं सुद्धा कमीच होईल, मुंबईत माझगाव डॉकमध्ये, म्हणजे जहाजबांधणीच्या कारखान्यात नोकरी धरली ती घर चालवायला. समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मचं काम हे काय लहानपणीचं स्वप्न असू शकतं का? पण डॉकमध्ये ते काम आतून बघितलं, ड्रॉइंग कळलं, तपासणी कळली, कोण कुठे माल देतो कळलं, आणि मग तिघा भावांनी मिळून दास ऑफशोअर काढली, दत्ता, अशोक, सुरेश ह्या तिघांच्या आद्याक्षरांवरून दास. ही गोष्ट कॉलेजात कमी सांगितली जाते कारण ह्यात "मला लहानपणापासूनच" हे वाक्य बसत नाही. माझं विचाराल तर पहिली हीच सांगावी, कारण समोर बसलेल्या पोरांपैकी निम्मी पोरं पुढची पाच वर्षं कुठेतरी नोकरीच करणार असतात, त्यांना हे कळू दे की नोकरी म्हणजे गुलामी नाही, डोळे उघडे ठेवले तर ती पगार घेऊन केलेली उमेदवारी आहे.

नाशिकची दोन उदाहरणं घेतो आणि मग मुद्द्यावर येतो. विलास शिंदे, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेले, आधी शेतीत बरंच काही करून बघितलं, बरंच अंगाशी आलं. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या औषधाचा अंश जास्त निघाला म्हणून, आणि त्या हंगामात नाशिकच्या पुष्कळ बागायतदारांचं कंबरडं मोडलं. एकट्याने निर्यात करायची म्हणजे एक कंटेनर परत आला की माणूस खलास, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून शेतकऱ्यांची मिळून कंपनी, सह्याद्री फार्म्स, मोहाडीला. औषध कुठलं कधी मारलं ह्याची नोंद प्रत्येक प्लॉटची, स्वतःचं पॅकहाऊस, स्वतःचं शीतगृह, प्रक्रिया, नुसत्या द्राक्षावर न राहता टोमॅटो आणि बाकी फळं. २०२२ मध्ये परदेशी संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. हे मला पॅशनपेक्षा जास्त भीतीचं फळ वाटतं, नीट समजून घेतलेल्या भीतीचं. एकटा माणूस जो धोका पेलू शकत नाही तो वाटून घ्यायची रचना केली, हे ह्या गोष्टीचं खरं मर्म आहे आणि भाषणात तेच गळतं.

दुसरं सुला, वाइनवाली. राजीव सामंत, स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकला वडिलांच्या जमिनीवर आले, वायनरीला आईच्या नावावरून नाव दिलं, कॅलिफोर्नियाचा वाइनमेकर सल्ल्याला घेतला. पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि लगेच २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत, लायसन्सची कटकट कमी, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क. पलूस म्हणजे त्याच किर्लोस्करवाडीच्या शेजारी, योगायोग. त्या धोरणाच्या जोरावर खूप लोकांनी वायनऱ्या टाकल्या, कित्येक द्राक्षबागायतदार होते त्यात, द्राक्षाचा अनुभव कुणाला कमी नव्हता आणि आवडही होती. २००८ च्या मंदीनंतर त्यातल्या पुष्कळ बंद पडल्या, टाक्या गंजल्या, कर्जं थकली. सुला टिकली आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये शेअर बाजारात आली. आता सांगा, तेच धोरण, तीच द्राक्षं, तोच जिल्हा, मग फरक पॅशनचा होता का? बुडालेल्यांची पॅशन मोजायला कोण गेलं होतं? फरक पडला तो बाजार कुणाकडे होता, हॉटेलांपर्यंत कोण पोचला, मंदीची दोन वर्षं कुणाच्या खिशात निघाली ह्याने.

कुणी म्हणेल की मग काय, पॅशन नकोच का? असं कुठे म्हणतोय. कोइम्बतूरच्या मुरुगानंदमनी सॅनिटरी पॅडचं स्वस्त मशीन बनवायला वर्षानुवर्षं जो वेडेपणा केला, गाव हसलं, बायको काही काळ सोडून गेली, आई सोडून गेली, तो वेडेपणा नसता तर ते मशीन झालंच नसतं. काही प्रश्न असे असतात की शहाणा माणूस त्यांच्या वाटेलाच जात नाही. पण असा माणूस एखादाच, आणि त्यानेही कापसाऐवजी लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज लागतो हे शोधून काढलं तेव्हाच गाडी पुढे गेली. वेड हे फार तर माणसाला टिकवून धरतं, ते हिशोब जुळवून देत नाही. आणि सगळ्या तरुणांना सरसकट "वेड लागू दे" सांगणं म्हणजे बापाच्या रिटायरमेंटच्या पैशाला वेड लावणं आहे, हे मी रोज बघतो म्हणून एवढं चिडून लिहितोय.

कॅफेचंच सांगतो, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त बंद झालेली खाती कॅफे, क्लाउड किचन आणि चहाच्या फ्रँचायझीची आहेत. मुलगा किंवा मुलगी हुशार असते, हाताला चव असते, इन्स्टावर फोटो छान असतात. जागेचं डिपॉझिट, इंटिरिअर, कॉफीचं मशीन ह्यातच सगळं भांडवल जातं आणि खेळतं भांडवल म्हणून काही ठेवायचं असतं हे तिसऱ्या महिन्यात कळतं. ॲपवाल्यांचं कमिशन, सूट, पॅकिंग जाऊन एका प्लेटमागे हातात काय राहतं हे विचारलं की समोर शांतता. मेनूत चाळीस पदार्थ, त्यातले बारा रोज फेकले जातात. ह्या पोरांना स्वयंपाक येतो, हॉटेल चालवता येत नाही, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एखाद्या खाणावळीत सहा महिने गल्ल्यावर बसले असते, पहाटे मार्केट यार्डात भाजी घ्यायला गेले असते तर अर्धं शिक्षण फुकटात झालं असतं. पण ते करणं म्हणजे कमीपणा, आणि डायरेक्ट "फाउंडर" होणं म्हणजे भारी, ही हवा कुणी केली? तीच भाषणं, तेच रील, आणि टीव्हीवर 'शार्क टँक'मधल्या गुंतवणूकदारांसमोर उभं राहून पाच मिनिटांत कोटीचा सौदा.

आणि बुडाल्यावर काय होतं ते तर कुणीच सांगत नाही. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे, ठरावीक पद्धत आहे. पण आपल्या पोरांचे धंदे कुठे कंपनी असतात, ते असतात एकट्या मालकाचे. ह्या कायद्यातला अशा सामान्य मालकांसाठीचा भाग लागूच केलेला नाही, कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच तो लागू झाला. बाकीच्यांसाठी आजही इंग्रजांच्या काळातले कायदे, मुंबईसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा. तो वापरायला कोण जातंय? मग काय, घर तारण, आईचे दागिने, मित्रांचे फोन उचलायचे बंद. उद्योजकता दिनाला भाषण ठोकणाऱ्या एकाही मंत्र्याने हा विषय काढलेला मी ऐकला नाही. धंदा करा म्हणायचं आणि धंदा फसला तर बाहेर पडायचा रस्ता ठेवायचा नाही, ह्याला काय प्रोत्साहन म्हणायचं?

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही, उगाच कशाला खोटं बोला. तारणाशिवाय कर्जाला हमी देणारी योजना २००० सालापासून आहे, छोट्या धंद्यांना कर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ पासून आहे आणि २०२४ च्या बजेटमध्ये आधीचं कर्ज फेडलेल्यांसाठी तिची मर्यादा २० लाखांवर नेली, मुख्यमंत्र्यांच्या नावाची रोजगार योजना २०१९ पासून आहे. कर्ज मिळायला पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालंय. माझं म्हणणं आहे की छोटा धंदा कर्ज न मिळाल्याने जितका मरतो त्यापेक्षा जास्त स्वतःचेच पैसे वेळेवर न मिळाल्याने मरतो.

हे कसं होतं ते समजून घ्या. माझ्या एका क्लायंटचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, चार वेल्डर, एक हेल्पर. मोठ्या कारखान्याला माल दिला, बिल केलं. त्या बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचाच, पैसे आले असोत नसोत, सरकारला त्याचं काही घेणंदेणं नाही. पगार सात तारखेला. पत्र्याचा सप्लायर उधारी महिन्याभराच्या वर देत नाही. आणि कारखान्याच्या अकाउंट्समधून उत्तर, बिल पास व्हायला पाठवलंय. चार महिने असे गेले की सीसी लिमिट फुल, मग पतसंस्थेचं कर्ज, मग कुणाकडून तरी टक्क्याने. कागदावर धंदा नफ्यात आणि खिशात दमडी नाही. ह्या माणसाला वेल्डिंगची जेवढी आवड आहे तेवढी मी कुणात बघितली नाही, कंपनीने मागितलं त्यापेक्षा साफ काम देतो, आणि त्या आवडीने त्याचं एकही बिल एक दिवस आधी पास झालेलं नाही.

कायदा आहे, हीच तर गंमत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट लिहिलंय, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३ च्या बजेटने आयकरात पण चाप लावला की ह्या मुदतीत सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे दिले नाहीत तर खरेदी करणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येईल. मार्च २०२४ मध्ये माझ्या ऑफिसात अचानक फोनवर फोन, जे लोक कधी पैसे देत नव्हते ते विचारत होते कुणाकुणाचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी आहे बघा. काही ठिकाणी पैसे खरंच सुटले. काही ठिकाणी मात्र छोट्याला सांगण्यात आलं की रजिस्ट्रेशन काढून टाक नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. तरी पण मी म्हणेन हा बदल शंभर प्रेरणा मेळाव्यांपेक्षा जास्त उपयोगाचा, कारण त्यात छोट्याला तोंड उघडावं लागत नाही, मोठ्याचाच टॅक्स अडकतो.

आणि तोंड उघडणं हाच तर अडचणीचा भाग आहे. व्याज मागायचं तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे ह्याच कायद्याखाली थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे तक्रार करावी लागते. मी त्या वेल्डरसाहेबांना फॉर्म भरून द्यायला तयार होतो. ते म्हणाले, "साहेब, व्याज मिळेल हो, पण पुढचं काम कोण देईल?" काय उत्तर देणार. ज्या हक्कासाठी आपलं एकुलतं एक गिऱ्हाईक कोर्टकचेरीत ओढावं लागतं तो हक्क कागदावरच राहणार.

म्हणून तक्रारीची गरजच पडणार नाही अशी व्यवस्था लागेल, आणि ती अवघड नाहीये. जीएसटीत आधीच नियम आहे की खरेदी करणाऱ्याने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, परत करायचं, व्याजासकट. कुठलं बिल कुठल्या तारखेचं हे पोर्टलवर आहेच. सूक्ष्म उद्योगाच्या बिलापुरते ते १८० चे ४५ करा आणि पैसे पोचल्याची खूण विकणाऱ्याच्या बाजूने घ्या, आपोआप. मोठ्या कारखान्यांच्या संघटना आरडाओरडा करतील, करू देत. उरले सरकारी गिऱ्हाईक, त्यांना क्रेडिटच नसतं म्हणून हा चाप चालणार नाही, आणि सगळ्यात वाईट उधारी तर तिथेच आहे, २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांना थकीत बिलांसाठी आंदोलनं करावी लागली ते सगळ्यांनी बघितलंय. तिथे ४५ दिवसांवरचं व्याज त्या खात्याच्याच बजेटमधून वळतं करा आणि कुठल्या खात्याची, कुठल्या महापालिकेची किती बिलं किती दिवस अडकली ती यादी दर महिन्याला जाहीर करा. उद्योजकता सप्ताहाचा बॅनर लावायचाच असेल तर त्याच्या शेजारी ती यादी लावा, पोरांना दोन्ही वाचू देत.